सलाईनमध्ये टिकणारे लोहाचे नॅनोकण : प्रकल्प नोंदी, जुलै ते डिसेंबर

कोल्हापूरच्या एका केमिस्ट्री लॅबमध्ये हे काम चालू आहे. आयर्न ऑक्साइडचे, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइटचे, १० नॅनोमीटरच्या आसपासचे कण बनवायचे, त्यांच्यावर शरीराला चालेल असं आवरण चढवायचं, आणि मग दोन गोष्टी मोजायच्या: एमआरआयमध्ये ते टी२ (सिग्नल विझायला लागणारा वेळ; तो कमी तितकं चित्र काळं) किती कमी करतात आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात किती तापतात. पेपरमध्ये कृती चार ओळींत संपते, आपला वेळ मात्र जातो त्या ओळींच्या मधल्या जागेत. तालुक्याच्या कॉलेजात बसून हेच करू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी आहेत.

८ जुलै

को-प्रेसिपिटेशनने सुरुवात. पाण्यात लोहाचे फेरिक आणि फेरस क्षार (फेरस हवेत हळूहळू फेरिक होतं) २ : १ मोल प्रमाणात घ्यायचे आणि हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली अमोनिया घालायचा, लगेच काळा साका पडतो. मासार्टने १९८१ मध्ये हीच वाट दाखवली आणि आजही कमी खर्चात दुसरी सोपी वाट नाही.

माप: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम, उकळून नायट्रोजनखाली गार केलेलं पाणी १०० मिली, २५ टक्के अमोनिया २० मिली. सगळं जुळलं तर २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळायला हवं. फ्यूम हूड चालू असल्याशिवाय अमोनियाची बाटली उघडू नका.

११ जुलै

पहिली बॅच तपकिरी झाली. अमोनिया पडताच काळी झाक आली, पण दहा मिनिटांत रंग चहासारखा झाला. चुंबक लावला तर थोडंसंच ओढलं जातं, उरलेलं पाण्यात लोंबत राहतं. नायट्रोजन नीट सुरू होता, पाणी उकळून घेतलं होतं, म्हणजे संशय क्षारांवरच.

फेरस क्लोराइडची बाटली उजेडात धरून पाहिली. स्फटिक फिकट हिरवे असायला हवेत. कडेचे सगळे पिवळट-तपकिरी झालेले. लॅबचे मामा म्हणाले, "ताई, ही बाटली मी कामाला लागलो तेव्हापासून त्याच कपाटात आहे."

१५ जुलै

अंदाजाने जास्त क्षार टाकण्यापेक्षा बाटलीत फेरस उरलंय किती ते मोजलं. क्लोराइड असल्यामुळे परमँगनेटचं टायट्रेशन इथे फसवतं, क्लोराइडही थोडं परमँगनेट खाऊन टाकतं. म्हणून डायक्रोमेट, फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनाइलअमाइन सल्फोनेट इंडिकेटर. अपेक्षेच्या ७१ टक्केच फेरस निघालं. उरलेलं कधीच फेरिक झालेलं होतं, त्यामुळे २ : १ प्रमाण कागदावरच राहिलं.

नवी बाटली मागवायची तर तीन आठवडे. मॅडमनी बारावीच्या प्रॅक्टिकलचं मोहर्स सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) वापरून बघायला सांगितलं. ते हवेत खूप जास्त टिकतं, प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात असतं, आणि त्यातल्या अमोनियमचा इथे काही त्रास नाही, कारण आपण अमोनियाच घालणार आहोत. १.९९ ग्रॅम फेरस क्लोराइडऐवजी ३.९२ ग्रॅम मोहर्स सॉल्ट. त्याचंही टायट्रेशन केलं: ९९ टक्के. यापुढे सगळ्या बॅच याच्याच.

१९ जुलै

रंग काळा, चुंबकाला प्रतिसाद जोरदार, पण हाती आलेला माल अर्धासुद्धा नाही. बाकीचा कुठे गेला ते फ्लास्क रिकामा केल्यावर कळलं. मॅग्नेटिक बीडवर (ढवळायला फ्लास्कात टाकलेल्या चुंबकावर) काळ्या केसाळ काट्यांचा जाड थर बसला होता, दोन्ही टोकांना जास्त, मधे कमी, चुंबकाच्या रेषा उमटाव्यात तसा. बोटाने पुसला तर निघत नव्हता. त्यातून ढवळणंही मंदावलेलं, म्हणजे शेवटची वीस मिनिटं मिश्रण जवळजवळ स्थिरच होतं.

ढवळायला चुंबक चालत नाही. ओव्हरहेड स्टरर आणि टेफ्लॉनचं पातं लागतं. आमच्याकडे एकच आहे आणि तो पॉलिमरवाल्यांचा. सकाळी आठ ते अकरा मला आणि मग त्यांना, असं ठरलं. स्टरर नसेल तर एखाद्या छोट्या गिअर मोटरला काचेची दांडी आणि टेफ्लॉनची पट्टी लावूनही भागतं. वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या वर जायला हवा.

२३ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही, पंचगंगेचं पाणी वाढतंय, आणि लॅबमधली फेरिक क्लोराइडची बाटली आतून ओली झाली आहे. हा क्षार हवेतलं पाणी ओढतो. वजनात क्षार किती आणि पाणी किती ते सांगता येत नाही, म्हणजे २ : १ पुन्हा बिघडणार, या वेळी दुसऱ्या बाजूने.

इलाज सोपा आहे आणि पावसाळ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने आधीच करून ठेवावा. सगळी बाटली सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून अंदाजे १ मोलरचं द्रावण केलं, त्यातलं लोह मोजलं, बाटलीवर आकडा आणि तारीख लिहिली. आता वजन करायचंच नाही, पिपेटने २० मिली घ्यायचं. आम्लामुळे अमोनिया थोडा जास्त लागतो, तेवढंच. पीएच १० च्या खाली राहत नाही ना ते पाहा.

३० जुलै

चांगली बॅच. ७० अंशांवर, नायट्रोजनखाली, अमोनिया एका दमात. धार पडली त्याच क्षणी नारिंगी द्रावण शाईसारखं काळं झालं आणि काळंच राहिलं. अर्धा तास तसंच चालू ठेवलं. मग बीकरखाली नियोडिमियम चुंबक धरून वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी, पुन्हा चुंबक, पीएच ७ पर्यंत.

दोन भाग केले. एक वाळवला, एक ओलाच ठेवला.

६ ऑगस्ट

वाळवलेला भाग आवरणासाठी गेला वाया. ६० अंशांच्या ओव्हनमधून निघालेली पूड खलात घोटली, पाण्यात टाकली, बाथ सॉनिकेटरमध्ये दोन तास ठेवली. बाहेर काढून पाच मिनिटं झाली की सगळी तळाशी. एकदा पाणी गेलं की कण एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा सुटे होत नाहीत. आवरण चढण्याआधी वाळवायचं नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणं) आणि व्हीएसएमपुरती (चुंबकत्व मोजणं) पूड बाजूला काढा, बाकी सगळं ओलं ठेवा. माझी पूड त्या तपासण्यांना गेली, म्हणून क्षार तरी फुकट गेले नाहीत.

१२ ऑगस्ट

ओल्या भागावर सायट्रेटचं आवरण: २ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, ९० अंश, दीड तास, नायट्रोजनखाली. धुतल्यावर हवं होतं ते दिसलं. चुंबकाजवळ बाटली धरली तरी कण सुटून तळाशी जात नाहीत, अख्खं द्रवच चुंबकाकडे झुकतं. डीएलएसमध्ये (प्रकाश विखुरण्यावरून द्रवातल्या कणांचा आकार मोजणं) सरासरी आकार ६८ नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली तफावत) ०.१९, झीटा पोटेन्शियल (कणावरच्या भाराचं माप) उणे ३६ मिलीव्होल्ट. आवरणाआधी हाच आकार ६०० च्या वर होता.

१४ ऑगस्ट

आजची चाचणी पाच मिनिटांची होती आणि आधीचा महिना तिनेच तोलला. दोन काचेच्या नळ्या घेतल्या. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत ०.९ टक्के सलाईन. दोन्हींत सायट्रेटवाले कण सारखेच टाकले. पाण्याची नळी गडद, पारदर्शक, कॉफीच्या रंगाची राहिली. सलाईनची नळी पहिली काही मिनिटं तशीच होती. मग तिच्यात बारीक दाणे दिसू लागले, दाण्यांचे पुंजके झाले, आणि अर्ध्या तासात तळाशी काळी साय बसून वर जवळजवळ स्वच्छ पाणी राहिलं.

कारण सरळ आहे. सायट्रेट कणांना ऋण भाराने एकमेकांपासून दूर ठेवतं. मीठ आलं की तो भार झाकला जातो, आणि दूर ठेवणारं दुसरं काही नसतं. रक्तात मीठ आहेच, वर प्रथिनंही. तिथे हे पुंजके झाले तर मोजलेला ६८ चा आकडा निरर्थक ठरतो.

मला हे मनापासून लिहावंसं वाटतं: कण बनवणं तासाभराचं काम आहे, त्यांना मिठाच्या पाण्यात सुटं ठेवणं हे खरं काम. नावात 'वैद्यकीय' शब्द घालण्याआधी ही नळी प्रत्येकाने स्वतः पाहावी. डिस्टिल्ड वॉटरमधला डीएलएस ग्राफ छापून थांबलेले प्रबंध मी पाहिले आहेत, आणि त्यामुळे मागून येणाऱ्याची वर्षं जातात.

२ सप्टेंबर

मधे रांगेत वेळ गेला, मशीन दुसऱ्या शहरात. निकाल आले.

एक्सआरडी: ३०.१, ३५.५, ४३.१, ५७.० आणि ६२.६ अंशांवर रेषा, म्हणजे स्पिनेल, मॅग्नेटाइटची स्फटिक रचना. ३३.२ वर हेमाटाइटची रेषा नाही, २१ च्या आसपास गोथाइटची नाही. ३५.५ च्या रेषेची रुंदी ०.८० अंश, शेररच्या सूत्राने (रेषेच्या रुंदीवरून आकार) १०.४ नॅनोमीटर. मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट (त्याचंच ऑक्सिडीकरण झालेलं रूप) हे या रुंद रेषांवरून ठामपणे सांगता येत नाही आणि मी सांगणार नाही. दोन्हींचं मिश्रण धरून चालले आहे.

व्हीएसएम: ५८ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) प्रति ग्रॅम, वक्र शून्यातून जातो, मागे चुंबकत्व उरत नाही. मोठ्या स्फटिकातल्या मॅग्नेटाइटचा आकडा ९२ आहे. एवढ्या लहान कणात पृष्ठभागावरचे अणू एका ओळीत लागत नाहीत, शिवाय थोडं ऑक्सिडीकरण होतंच, म्हणून हा आकडा कमी येतो. त्याने घाबरू नका. ३० च्या खाली आला तर मात्र घाबरा आणि परत फेरस मोजा.

२० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर डेक्स्ट्रान. दवाखान्यात वापरलेल्या जुन्या एमआरआय औषधांमध्ये हेच आवरण होतं. यकृताच्या एमआरआयसाठीचं फेरुमॉक्साइड्स अमेरिकेत १९९६ मध्ये मंजूर झालं आणि पुढे बाजारातून गेलं. डेक्स्ट्रान भारावर अवलंबून नाही. साखरेच्या लांब साखळ्या कणाभोवती पसरतात आणि दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाहीत, मग मीठ असो वा नसो.

मोल्डे आणि मॅकेन्झी यांची १९८२ ची पद्धत घेतली. यात आवरण नंतर चढवत नाहीत, लोहाचे क्षार डेक्स्ट्रानच्या घट्ट द्रावणातच मिसळून तिथेच कण पाडतात. डेक्स्ट्रान ४० चं ५० टक्के द्रावण १० मिली, तेवढंच क्षारांचं पाणी (फेरिक ५.६ मिलीमोल, फेरस ३.२ मिलीमोल, म्हणजे मोहर्स सॉल्ट १.२६ ग्रॅम), आणि ७.५ टक्के अमोनिया थेंबाथेंबाने, पीएच १० ते ११ होईपर्यंत. मग ६० ते ६५ अंशांवर पंधरा मिनिटं.

पहिली खेप बिघडली. द्रावण इतकं घट्ट की अमोनियाचा थेंब पडला तिथेच काळी गाठ व्हायची आणि पातं तिच्या बाजूने फिरून जायचं. एकीकडे पीएच ११, दुसरीकडे २. शेवटी गाठी आणि पिवळं पाणी. पाच ग्रॅम डेक्स्ट्रान गेलं, आणि २५ ग्रॅमची बाटली ४,८०० रुपयांची आहे.

२७ सप्टेंबर

तीन बदल केले आणि जमलं. डेक्स्ट्रान आदल्या रात्री भिजवून सकाळी ४० अंशांवर गरम केलं, मग ते वाहतं. पातं रुंद घेतलं, फ्लास्कच्या भिंतीपासून बोटभर अंतर राहील एवढं. आणि अमोनिया वरून न टाकता बारीक नळीने पात्याच्या अगदी जवळ सोडला. रंग पिवळ्यातून हिरवट, मग काळा, पण सगळीकडे एकदम.

थंड झाल्यावर १,००० जी वर दहा मिनिटं सेंट्रीफ्यूज, गाठी खाली. वरचं द्रव आधी ०.४५ आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून. थेट ०.२२ लावलात तर दुसऱ्या मिलीला फिल्टर बंद पडतो.

सलाईनची नळी संध्याकाळी लावली.

४ ऑक्टोबर

सलाईनची नळी आठवड्याने तशीच आहे. गडद, पारदर्शक, तळ स्वच्छ. दहा टक्के सीरम घातलेल्या माध्यमातही तेच. डीएलएस ९२ नॅनोमीटर, सलाईनमध्ये ९५. मॅडमनी नळी खिडकीजवळ नेऊन स्वतः तिरपी करून पाहिली, मग मामांना दाखवली.

आता धुणं. आमच्याकडे डायलिसिसची १२ ते १४ किलोडाल्टनची (रेणूच्या वजनाचं एकक) नळी होती आणि सगळे तीच वापरतात. तिने अमोनिया आणि क्षार जातात. पण कणांना न चिकटलेलं मोकळं डेक्स्ट्रान ४० किलोडाल्टनचं आहे, ते या नळीतून बाहेर येणारच नाही. तीन दिवस पाणी बदललं तरी आतलं द्रव चिकट ते चिकटच. साखर दाखवणारी फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची चाचणी केली: आतल्या द्रवाचा रंग गडद नारिंगी, बाहेरच्या पाण्यात काहीच नाही.

१०० किलोडाल्टनचे सेंट्रीफ्यूज फिल्टर मागवले. आठ नळ्यांचा पॅक ९,६०० रुपये, या प्रकल्पातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च. गाळलेल्या पाण्याची प्रत्येक फेरीनंतर फिनॉल चाचणी करायची आणि रंग फिका पडून थांबला की धुणं थांबवायचं. फिल्टर पाण्याने उलटे धुऊन ओले ठेवले तर पुन्हा चालतात, त्याच बॅचसाठी. जेल कॉलम असेल तर तो आणखी चांगला, मूळ पद्धतीत तोच आहे.

१५ ऑक्टोबर

लोह किती आहे ते मोजायचं. दर मिलीला किती मिलीग्रॅम लोह, या एका आकड्याने पुढचा प्रत्येक आकडा भागायचा आहे. तो चुकला तर एमआरआय आणि तापवणं दोन्ही चुकणार, आणि चूक ग्राफवर कुठेच दिसणार नाही, रेषा सरळच येईल.

पद्धत जुनीच: कण हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे, हायड्रॉक्सिलअमाइनने सगळं लोह फेरस करायचं, ॲसिटेट बफर, १,१०-फिनँथ्रोलिन, आणि ५१० नॅनोमीटरला शोषण. १ पीपीएम लोहाला शोषण साधारण ०.२ येतं, हे लक्षात ठेवा, म्हणजे गडबड लगेच कळते.

तासभर आम्लात ठेवून मोजलं: १.९ मिलीग्रॅम. रंगावरून बाटली त्याहून दाट वाटत होती. त्याच नळ्या झाकून ६० अंशांवर रात्रभर ठेवल्या: ३.१. आणखी एक रात्र: ३.१. डेक्स्ट्रानच्या आवरणात कण सावकाश विरघळतात, आणि न विरघळलेलं लोह फिनँथ्रोलिनला दिसत नाही. सलग दोन वाचनं सारखी येईपर्यंत आकडा वहीत लिहायचा नाही असं ठरवलं.

एकूण १०० मिली द्रव, म्हणजे ३१० मिलीग्रॅम लोह. सुरुवातीला ४९० घातलं होतं. बाकीचं गाठींत आणि फिल्टरवर.

२२ ऑक्टोबर

थोडं द्रव फ्रीज-ड्राय करून व्हीएसएमला दिलं होतं. २१ ईएमयू प्रति ग्रॅम. ५८ वरून २१! पण हे वजन डेक्स्ट्रानसकट आहे. पुडीत लोह २८ टक्के, म्हणजे मॅग्नेटाइट सुमारे ३९ टक्के. २१ ला ०.३९ ने भागलं की ५४ येतात. चुंबकत्व जागच्या जागी आहे. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) गाभे ९ ते १० नॅनोमीटरचे.

१४ नोव्हेंबर

दिवाळीनंतर एमआरआयची पहिली रात्र. शहरातल्या एका केंद्राने १.५ टेस्लाचं मशीन रात्री साडेदहानंतर दिलं, रुग्ण संपल्यावर. पत्र, एथिक्सची नोंद आणि नळ्यांत मोकळा धातू नाही याची लेखी हमी, एवढं लागलं.

१ टक्का अगरच्या जेलमध्ये कण मिसळून २ मिलीच्या नळ्या भरल्या, १ ते ५ मिलीमोलर लोह, आणि एक नुसत्या अगरची. थर्मोकोलच्या स्टँडमध्ये लावून डोक्याच्या कॉइलमध्ये ठेवल्या. पडद्यावर पहिलं चित्र आलं आणि तंत्रज्ञ दादा म्हणाले, "ताई, नळ्या सगळ्या आत आहेत ना? मला एकच दिसतेय."

एकच दिसत होती, नुसत्या अगरची. बाकीच्यांच्या जागी काळी भोकं, आणि शेजारची कड वाकडी झालेली. कणांनी काम केलं होतं, गरजेपेक्षा फार जास्त. ५ मिलीमोलरला टी२ जेमतेम पावणेदोन मिलीसेकंद येतो आणि मशीनचा पहिलाच एको (परत येणारा सिग्नल) १० मिलीसेकंदांना आहे. तो ऐकायला लागेपर्यंत सिग्नल संपलेला असतो. शिवाय नळ्यांभोवती हवा, त्यामुळे कडा आणखी वाकतात.

२८ नोव्हेंबर

दुसरी रात्र. या वेळी ०.०५ ते ०.४ मिलीमोलर. अगर ५० अंशांपर्यंत निवल्यावर कण मिसळले, बुडबुडे जावेत म्हणून नळ्या टिचकीने ठोकल्या, आणि सगळ्या नळ्या पाण्याने भरलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात उभ्या केल्या. चाकोरीतलं गुडघ्याचं स्कॅन चालत नाही. स्पिन एको, ३२ एको, १० मिलीसेकंदांच्या अंतराने, टीआर (दोन फेऱ्यांमधला वेळ) ३,००० मिलीसेकंद ठेवायला सांगा. दादांनी प्रोटोकॉल मशीनमध्ये नावानिशी जतन करून दिला, पुढच्या वेळी वीस मिनिटं वाचतील.

चित्रात नळ्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत क्रमाने उतरत गेल्या. फिटिंग करताना पहिला एको वगळला, तो नेहमी वेगळा पडतो, आणि सिग्नल गोंगाटाच्या पातळीला टेकल्यानंतरचे बिंदूही वगळले. ते ठेवले तर काळ्या नळ्यांचा टी२ खोटाच लांब येतो.

१/टी२, प्रति सेकंद: नुसता अगर ९.८, ०.१ ला २१.५, ०.२ ला ३३.६, ०.४ ला ५७. उतार, म्हणजे आर२ (कण सिग्नल किती वेगाने विझवतात त्याचं माप), ११८ प्रति मिलीमोलर प्रति सेकंद.

ऑक्टोबरचं १.९ हे वाचन तसंच वापरलं असतं तर हाच आर२ १९२ आला असता. दिसायला फार सुरेख आकडा, फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या औषधाच्या ८० ते ९० च्या दुपटीहून जास्त. असे आकडे छापले जातात, आणि मग पुढचा विद्यार्थी ते गाठायला धडपडतो. माझ्या ११८ चीसुद्धा औषधाशी सरळ तुलना मी करणार नाही. माझं अगरमध्ये, खोलीच्या तापमानाला आहे.

११ डिसेंबर

तापवण्याची बाजू. इंडक्शन हीटर, पाण्याने थंड ठेवलेली तांब्याची कॉइल, ३०० किलोहर्ट्झ, १५ किलोॲम्पिअर प्रति मीटर. दोन्हींचा गुणाकार ४,५००. शरीरासाठी हेर्ग्ट आणि डुट्झ यांनी सुचवलेली सीमा याच एककात ५,००० आहे. त्यापलीकडे जाऊन मिळवलेली उष्णता रुग्णाच्या उपयोगाची नाही, कारण भोवऱ्या प्रवाहांनी निरोगी ऊतीही तापतात.

पहिलं वाचन उत्साहाचं होतं, सेकंदाला ०.११ अंश. मॅडमनी नुसतं पाणी ठेवायला सांगितलं. नुसतं पाणीही सेकंदाला जवळजवळ तेवढंच तापलं. तापत होता थर्मोकपल; तो धातूचा, क्षेत्रात त्याच्यातच प्रवाह फिरतो. हा दिवस पूर्ण वाया, आणि आधी त्याच थर्मोकपलने घेतलेली सगळी वाचनं खोडली.

१९ डिसेंबर

फायबर-ऑप्टिक प्रोब दुसऱ्या विभागाकडून चार दिवसांसाठी मिळाला. तो नसेल तर लाल अल्कोहोलचा काचेचा थर्मामीटर घ्या, पारा नको. नळी आणि कॉइलच्या मध्ये पाण्याचं जॅकेट, कारण कॉइलची ऊबही नळीला लागते.

५ मिलीग्रॅम लोह प्रति मिली: सेकंदाला ०.०५२, नुसतं पाणी ०.०१२, निव्वळ ०.०४०. म्हणजे एसएआर (दर ग्रॅमला किती उष्णता) ३३ वॉट प्रति ग्रॅम लोह. पण उष्णता बाहेर जात राहते, त्यामुळे ३९.५ अंशांवर वाढ थांबली. १० मिलीग्रॅमला घट्ट केल्यावर निव्वळ ०.०८०, एसएआर तोच ३३, आणि ९ मिनिटांत ४३ अंश. दोन्ही दाटपणांना एसएआर सारखा आला, म्हणून या आकड्यावर माझा विश्वास बसला.

३३ हा मोठा आकडा नाही. १० नॅनोमीटरचे कण या वारंवारतेला कमीच तापतात, १५ ते १८ चे बरेच जास्त. एकच कण चित्रही उत्तम देईल आणि तापेलही उत्तम, हे प्रस्तावात लिहायला छान वाटतं. माझ्या बाटलीने पहिलं चांगलं केलं, दुसरं जेमतेम. बर्लिनच्या मॅगफोर्स कंपनीचं जे द्रव २०१० मध्ये युरोपात मेंदूच्या गाठींसाठी मान्य झालं, त्यात मिलीला ११२ मिलीग्रॅम लोह होतं आणि ते शिरेतून नाही, थेट गाठीत टोचत. माझ्या १० मिलीग्रॅमवरून उपचाराचं काही बोलणं चुकीचं ठरेल.

२३ डिसेंबर

आजपर्यंतचा खर्च, पगार आणि वीज सोडून: क्षार, अमोनिया, आम्लं मिळून २,२००, नायट्रोजन १,५००, डेक्स्ट्रान ४,८००, फिल्टर ९,६०० आणि छोटे सिरिंज फिल्टर १,९००, एक्सआरडी, व्हीएसएम, टीईएम मिळून ५,७००, एमआरआय केंद्राने दोन्ही रात्रींचे मिळून ३,००० घेतले, तेही तंत्रज्ञाच्या जादा वेळाचे. सायट्रेटचा टप्पा गाळून थेट डेक्स्ट्रानला गेलात तर दीड महिना वाचेल. फेरस मोजणं आणि लोह मोजणं मात्र गाळू नका.

विचारलं जातं म्हणून लिहिते: हे द्रव कोणत्याही जिवात टोचायचं नाही. एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासलेलं नाही, निर्जंतुक खोलीत बनलेलं नाही. फेरुमॉक्सिटॉलसारख्या कारखान्यात काटेकोर बनणाऱ्या औषधावरही २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तीव्र ॲलर्जीचा ठळक इशारा लावला. किडनीच्या रुग्णांना एमआरआयसाठी नेहमीचं गॅडोलिनियम देताना डॉक्टर का कचरतात ते मला ठाऊक आहे, आणि लोहाचा पर्याय त्यांच्यापर्यंत पोचावा अशी माझी तळमळ आहे. म्हणूनच घाई नको.

पेशींवरची चाचणी जानेवारीत. तिथे एक गोष्ट आधीच ठरवून ठेवली आहे: एमटीटीमध्ये (पेशी किती जिवंत ते रंगावरून दाखवणारी चाचणी) कणांचा स्वतःचा तपकिरी रंग ५७० नॅनोमीटरला वाचनात मिसळतो, म्हणून पेशी नसलेल्या, फक्त कण घातलेल्या विहिरी (प्लेटमधल्या खाचा) प्रत्येक दाटपणाला वेगळ्या ठेवायच्या आणि ते वाचन वजा करायचं. दोन नव्या बॅचसाठी डेक्स्ट्रान भिजत घातलंय. स्टरर उद्या सकाळी आठला माझ्याकडे आहे.